काळीची खतावणी

देशावरच्या कोणत्याही जुन्या गावात गेले, की गावच्या जमिनीची दोन नावे कानांवर येतात : एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची, घरादारांची, गावठाणाची जमीन. मराठ्यांच्या वेळच्या कागदपत्रांत हे शब्द जोडीने येतात, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ते अजूनही ऐकू येतात. शहरातल्या माणसाला वाटते, हा नुसता रंगाचा भेद असावा. पण जरा खोलात गेले तर ध्यानात येते, की या दोन शब्दांच्या मध्ये शेकडो वर्षांचा एक हिशेब दडलेला आहे.

काळीतून ज्वारी निघाली, कडबा निघाला, तूर निघाली, हरभरा निघाला. हे सारे गाड्या भरभरून पांढरीत आले. माणसांनी धान्य खाल्ले, गुरांनी कडबा खाल्ला. मग उरले काय? शेण, मूत, राख आणि केरकचरा. ते उकिरड्यावर साठले आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा गाडीत बसून काळीत गेले. मात्र सगळेच काही परत जात नव्हते. गोठ्यातले मूत जागच्या जागी जिरत होते, मातीच्या भिंती ते शोषून घेत होत्या, आणि हे पिढ्यान् पिढ्या चालले होते. म्हणूनच ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाची पांढरी माती खणून शेतात पसरण्याची रीत पडली. त्या मातीत जोर असतो, एवढे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते. रसायनशास्त्राने पुढे सांगितले, की तो जोर नायट्रेटचा, म्हणजे आपल्या सोऱ्याचा. बिहारकडे अशाच मातीतून सोरा काढीत आणि त्याची बंदुकीची दारू होई.

वाणी आपल्या वहीत प्रत्येक कुळाचे देणे-घेणे निराळे मांडतो, त्या वहीला खतावणी म्हणतात. काळी आणि पांढरी यांच्यातही अशीच एक खतावणी चालू होती आणि तिच्यातले मुख्य नाणे होते नत्र. ही खतावणी पूर्वी कशी चालत होती, तिच्यात बाहेरचे नाणे केव्हा आले, आणि आज ती कोठे चुकते आहे, हे या भाषणात सांगायचे आहे. विषय शेतीचा आहे खरा, पण तो शेवटी आपल्या पिण्याच्या पाण्यापर्यंत येऊन पोहोचतो. तेव्हा ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्यांनीही तो ऐकून घ्यावा.

आता नत्र म्हणजे काय? हवेचा पाऊण भागाहून अधिक हिस्सा नत्राचाच आहे. पिकाच्या पानाचा हिरवेपणा आणि दाण्यातले प्रथिन नत्राशिवाय होत नाही. ज्वारीच्या एका क्विंटल दाण्यात सुमारे दीड किलो नत्र असते, कडब्यात असते ते निराळे. पण गंमत अशी, की हवेत नत्राचा समुद्र असूनही पिकाला त्यातला एक थेंबही परस्पर घेता येत नाही. हवेतले नत्र जोडीजोडीने इतके घट्ट बांधलेले असते, की ती गाठ सोडवणे वनस्पतीच्या आवाक्यातले नाही. ते काम करतात काही सूक्ष्म जंतू, आणि त्यांतले पुष्कळसे तूर, हरभरा, मूग, मटकी अशा शेंगाच्या पिकांच्या मुळांवर गाठी करून राहतात. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघा शास्त्रज्ञांनी ही गोष्ट १८८६ साली सिद्ध केली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला जंतू ठाऊक नव्हते, पण बेवड ठाऊक होता. हरभऱ्याच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे सांगायला त्याला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडली नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्याकडची काळी जमीन रंगाने काळीभोर म्हणून ती नत्राने श्रीमंत असावी, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तिचा काळेपणा कुजलेल्या पालापाचोळ्याचा नव्हे; तो तिच्यातल्या चिकण खनिजांमुळे आलेला आहे. पाणी धरून ठेवण्यात ती मोठी पटाईत आहे आणि म्हणूनच परतीच्या पावसाच्या ओलीवर मालदांडी ज्वारी थंडीभर उभी राहते; पण नत्राच्या बाबतीत ती गरीबच. अशा गरीब जमिनीला दरवर्षी थोडे थोडे परत देणे, हाच जुन्या शेतीचा सगळा खटाटोप होता. शेणखत होते, लेंडीखत होते. धनगराचा वाडा रानात उतरला, की शेतकरी त्याला धान्य देऊन आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेई. पुण्यासारख्या शहरांच्या आसपास बागायतदार सोनखत विकत घेत. ज्या वस्तूचे नाव घ्यायला माणसे नाक मुरडतात, तिला आपल्या भाषेने ‘सोन’ हा शब्द जोडून दिला, यात खतावणीची सगळी जाण आली.

परंतु या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हात आखडता घेतला पाहिजे. तो हिशेब शिलकीचा नव्हता, तोट्याचा होता. जळणाला लाकूड नाही, म्हणून शेणाच्या शेणी थापल्या जात आणि चुलीत जात. शेणी जळाली, की तिच्यातले नत्र धुरावाटे निघून जाते. राखेत दुसरी द्रव्ये राहतात, नत्र राहत नाही. इंग्लंडहून व्हेल्कर नावाचे कृषिरसायनज्ञ १८८९ साली हिंदुस्थानात आले. देशभर हिंडून त्यांनी केलेला अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे हे मत त्यांनी मानले नाही. उलट त्याच्या कसबाची तारीफ केली. पण शेण जाळल्याने जमीन उपाशी राहते, सबब गावोगाव जळणाची झाडे राखली पाहिजेत, असे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यांच्याही आधी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना डोंगरउतारावरून पालापाचोळ्याचा कस पावसाबरोबर शेतात येत असे याकडे लक्ष वेधले होते, आणि ताली-बांध घालून पाणी व कस शेतातच मुरवावा, असे सुचवले होते. फुले यांचे हे लिखाण १८८१ ते १८८३ मधले. म्हणजे १८७६ ते ७८ च्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम पाच वर्षे लोटली होती, आणि त्या दुष्काळात आमचा जिल्हा कसा होरपळला हे सर्वश्रुत आहे. दुष्काळ पावसाचा खरा. पण ज्या शेताची बाकी नेहमीच तळाला लागलेली, त्याला एका पावसाचा फटकाही सोसवत नाही.

आता बाहेरचे नाणे कसे आले ते पाहू. जर्मनीतल्या लीबिग या रसायनज्ञाने १८४० साली असे प्रतिपादन केले, की पीक जमिनीतून ठरावीक मूलद्रव्ये घेते आणि तीच जमिनीला परत दिली पाहिजेत. मग युरोपची जहाजे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून पक्ष्यांची वीट आणि चिलीचा सोरा आणू लागली. तो साठाही कधीतरी संपणारच. अखेर १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, आणि कार्ल बॉश यांनी १९१३ साली त्याचा मोठा कारखाना ओपाऊ येथे उभा केला. नत्राची गाठ माणसाच्या हाताने सुटली ती तेव्हा. याच अमोनियातून पहिल्या महायुद्धात जर्मनीचा दारूगोळा झाला, आणि याच अमोनियातून पुढे जगाची भाकरी झाली. एका हाताने शाप आणि दुसऱ्या हाताने वर, असे दुसरे उदाहरण विरळाच!

आपल्याकडे हे नाणे आधी आले ते उसाच्या वाटेने. कालव्याच्या पाण्यावरचा बागायतदार पूर्वी उसाला पेंड आणि शेणखत घालीत असे. पुढे तो अमोनियम सल्फेटची पोती आणू लागला. शेतकीखात्याच्या भाषेत शेणखत ते भरखत आणि सल्फेट ते वरखत. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली निघाले. त्याच साली सासवडच्या माळी मंडळींनी आमच्या माळशिरस तालुक्यात माळीनगरच्या साखर कारखान्याचा पाया घातला. पाणी, ऊस आणि पोत्यातले खत या तिघांची आमच्या जिल्ह्यातली सोयरीक तेव्हापासूनची आहे.

त्याच सुमारास एक निराळा विचारही चालू होता. होळकरांच्या इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड हे काडीकचरा, शेण, मूत आणि माती यांचे थर देऊन काही महिन्यांत उत्तम खत करीत होते. १९३१ साली या दोघांनी मिळून त्यावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली आणि हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक म्हणून गाजले. वाडांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. म्हणून ते इथे मुद्दाम घेतले. आणि १९३३ साली खुद्द सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला आरंभ झाला. आधी पुण्याजवळच्या मांजरीला १९२३ पासून लहान प्रमाणावर सुरू असलेले हे काम सोलापूरच्या खऱ्याखुऱ्या अवर्षणी मुलखात आले. बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वेळेवर कोळपणी हे त्याचे सूत्र होते. एन. व्ही. कानिटकर यांनी १९४४ साली या सगळ्या कामाचे पुस्तक केले.

पाहा, एकाच दशकात तीन वाटा फुटल्या होत्या : माळीनगर-पाडेगावची वरखताची, इंदूरची भरखताची आणि सोलापूरची ओल राखून बेताने देण्याची. इंदूर जरा लांब, पण माणसे आणि विचार आपल्याच घरचे. या तीन वाटा एकत्र आणल्या असत्या, तर पुढचा इतिहास निराळा झाला असता.

तसे झाले नाही, याला कारणही तसेच होते. स्वातंत्र्य आले ते रेशनच्या रांगेत. देशाला धान्य हवे होते आणि ते उद्या नव्हे, आज हवे होते. सिंद्रीच्या कारखान्यातून १९५१ साली अमोनियम सल्फेट निघू लागले. मुंबईजवळ तुर्भ्याचा कारखाना १९६५ साली सुरू झाला, आणि ‘सुफला’ हे नाव खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर रंगले. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवून शेतीच्या नव्या माहितीवर चर्चा घडवल्या. संकरित बियाणे आले, १९७२ चा भीषण दुष्काळ आला आणि गेला. त्या दुष्काळात अमेरिकेची मिलो खाऊन दिवस काढलेली माणसे आजही भेटतात. त्यांच्यापुढे युरियाची निंदा करायला जाऊ नये. पोत्यातल्या नत्राने या देशाला भाकरी दिली आहे, हे आधी मान्य करून मगच पुढचे बोलावे.

पुढचे असे : १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले. ज्या जिल्ह्याची ओळख ज्वारीचे कोठार अशी होती, तो जिल्हा पाहता पाहता साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. आता जरा आकड्यांकडे वळू. मध्यम ते भारी जमिनीतल्या कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी चाळीस ते साठ किलो नत्राची शिफारस असते. आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलोची. चांगल्या शेणखताच्या एका टनात सुमारे पाच किलो नत्र असते. ज्वारीचे पन्नास किलो शेणखतातून द्यायचे तर दहा टन लागेल. उसाचे चारशे किलो द्यायचे तर ऐंशी टन! एवढे शेण कोणत्या गोठ्यातून आणायचे? म्हणजे उसाबरोबर काळी-पांढरीची जुनी खतावणीच निकामी झाली. आता हिशेब गावातल्या गावात राहिला नाही. नत्र कारखान्यातून येऊ लागले आणि साखर मुंबईला जाऊ लागली.

आणि नत्र स्वस्त राहिले. सरकारने २०१० साली पोषक द्रव्यांच्या प्रमाणात अनुदान देण्याचे धोरण आणले. स्फुरद आणि पालाशाची खते त्यात घातली, पण युरिया बाहेर ठेवला. युरियाची किंमत २०१२ नंतर जवळजवळ हललेली नाही. पंचेचाळीस किलोचे पोते साधारण दोनशे सहासष्ट रुपयांना मिळते, तर डीएपीच्या पन्नास किलोच्या पोत्याला साडेतेराशे मोजावे लागतात. यात शेतकऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. बाजारात दोन वस्तू ठेवल्या, एकीने पीक चार दिवसांत डोळ्यांदेखत हिरवेगार होते आणि ती पाचपट स्वस्तही आहे, तर माणूस कोणती उचलील? आपण कोणीही तेच केले असते. हिरवेपणा दिसतो, तो दाण्यात, रसात किती उतरला हे नंतर कळते, आणि उरलेले नत्र कोठे गेले, हे तर दिसतच नाही.

ते कोठे जाते, ते आता सांगतो. जगभरच्या मोजमापांवरून असे दिसते, की शेतात घातलेल्या नत्रापैकी तिसरा हिस्सा ते फार तर निम्मे पिकाला लागू पडते. युरिया मातीवर फेकला, की काही दिवसांत त्याचा अमोनिया होतो. आमच्या जमिनी चुनखडीच्या. अशा जमिनीवर तो उघडा राहिला तर वायू होऊन उडून जातो. जो मातीत जातो त्याला चिकणमातीचे कण काही काळ धरून ठेवतात. पण मातीतले जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर निघते. पाट भरून पाणी सोडले, की ते मुळांच्या खाली उतरते आणि खडकांच्या भेगांतून विहिरीत पोहोचते. पाणी साचून राहिले तर जंतूंचा दुसरा वर्ग त्याचा नायट्रस ऑक्साइड करतो, आणि पृथ्वी तापवण्यात तो वायू कर्बवायूच्या वजनास वजन सुमारे २७० पट भारी पडतो. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेल्या दोन पोत्यांपैकी एक पोते असे हवेत आणि पाण्यात जाते.

विहिरीतले नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते तसे ते दाट होते. अमेरिकेतल्या आयोवा संस्थानात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांना तान्ही मुले निळीसावळी पडलेली आढळली. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध त्या मुलांच्या पोटात जात होते. १९४५ साली त्यांनी त्याचे कारण प्रसिद्ध केले : नायट्रेटामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि तान्ह्या मुलांना ते सोसत नाही. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा घातलेली आहे. केंद्रीय भूजल मंडळाने २०२३ साली देशभर तपासलेल्या नमुन्यांत सुमारे पाचवा हिस्सा या मर्यादेपलीकडे गेला. महाराष्ट्रात हे प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या वर आहे.

मात्र न्यायाने बोलायचे तर सगळा दोष युरियाच्या पोत्यावर टाकता येत नाही. गावातली उघडी गटारे, शोषखड्डे आणि विहिरीच्या काठावरचा उकिरडा यांतूनही नायट्रेटच झिरपते. उजनीच्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी हिरवे दिसते, त्याला वरच्या अंगाच्या शहरांचे सांडपाणीही कारण आहे. आठवते ना, पांढरीच्या मातीतला तो सोरा? एके काळी तो खणून काळीत नेत, कारण तो दुर्मिळ होता. आज काळीतून तो ओसंडतो आणि पांढरीतूनही झिरपतो, आणि दोघांची गाठ विहिरीत पडते. सोलापूर शहर पाणी पिते ते उजनीचे. तेव्हा शहरवासीयांनी हा हिशेब खेड्याचा म्हणून झटकू नये.

मग करायचे काय? एकदम सगळे वरखत बंद करावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. श्रीलंकेच्या सरकारने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली. भाताचे पीक बसले, चहा बसला, आणि नोव्हेंबरात हुकूम मागे घ्यावा लागला. उलट डेन्मार्ककडे पाहा. तिथल्या खाड्यांत शेतीचे नत्र जाऊन मासे मरू लागले, तेव्हा १९८७ साली ते निम्म्याने घटवण्याची योजना त्या देशाने हाती घेतली. पुढे प्रत्येक शेतकऱ्याला नत्राची जमाखर्चाची वही ठेवणे बंधनकारक झाले : गोठ्यातून किती आले, पोत्यातून किती आले, पिकाला किती दिले. वरून पडते तेवढेच देणे कमी केले, शेती काही मोडली नाही, आणि वाहून जाणारे नत्र जवळजवळ अर्ध्यावर आले. डेन्मार्कने काय केले? खतावणी ठेवली, एवढेच.

आपल्याला तर डेन्मार्कपर्यंत जाण्याचेही कारण नाही. उत्तर आमच्या सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राच्या रानात पडलेले आहे. १९८५ पासून बावीस वर्षे तिथे त्याच त्या वाफ्यांत रब्बी ज्वारीवर एक प्रयोग चालला. एका वाफ्याला काहीच खत नाही, कुठे नुसता युरिया, कुठे नुसता पालापाचोळा, कुठे दोन्ही. सर्वांत सरस ठरली ती जोडी : पंचवीस किलो नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि पंचवीस किलो युरियातून. पीकही जास्त आणि मातीतला सेंद्रिय कर्बही टिकलेला. युरियाने पिकाला लागेल तेव्हा लगेच दिले. पाल्याने मातीला धरून ठेवण्याची शक्ती दिली. वर ज्या वाटा १९३० नंतर निरनिराळ्या गेल्या म्हणून सांगितले, त्या बावीस वर्षांच्या या प्रयोगात एका वाफ्यात एकत्र आल्या. हा प्रयोग परदेशी नियतकालिकांत छापला गेला. आमच्या किती गावांत तो वाचला गेला, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

उसाच्या बाबतीतही मार्ग ठाऊक आहे. शिफारशीतले नत्र एकदम न देता चार हप्त्यांत द्यावे : लागणीच्या वेळी दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा दहावा हिस्सा आणि मोठ्या बांधणीच्या वेळी उरलेले चाळीस टक्के. कारण रोप लहान असताना त्याचे तोंडही लहान असते. त्याच्यापुढे पंचपक्वान्नांचे ताट वाढले तर ते वाया जाणारच. खोडव्याला पहारीने भोक घेऊन, वाफशावर, मुळांजवळ खत द्यावे, म्हणजे ते उडत नाही. पाचट पेटवून देण्याऐवजी सरीत दाबावे. पाचट जाळणे आणि शेणी जाळणे यांत नत्राच्या हिशेबाने काडीचाही फरक नाही. ठिबक असेल तर खत पाण्यातूनच थोडे थोडे जाते. २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाचे तेल लावून येतो, त्यामुळे त्याचे नायट्रेट सावकाश होते. ही शेतकऱ्याच्या पदरात पडलेली सवलत आहे, पण ती बेहिशेबी वापराला पांघरूण म्हणून नव्हे. आणि उसाच्या पाठोपाठ ऊसच न घेता मध्ये हरभरा, ताग किंवा धैंचा आला पाहिजे. बेवड हा शब्द आपल्या बोलण्यातून जाता कामा नये.

हे सगळे करताना शेतकऱ्याच्या अडचणी डोळ्यांआड करून चालणार नाही. हप्त्याने खत द्यायचे तर मजूर लागतो आणि तो वेळेवर मिळत नाही. शेणखत हवे तर गुरे हवीत आणि ती ट्रॅक्टरच्या काळात घटत चालली. मृदापत्रिकेची योजना २०१५ साली आली. पण पत्रिका हातात असणे निराळे आणि तिच्याप्रमाणे स्फुरद-पालाश परवडणे निराळे. एका बाजूला युरिया फुकटच्या भावात आणि दुसऱ्या बाजूला बाकीची द्रव्ये महाग, अशी तागडी मांडून ठेवायची आणि मग शेतकऱ्याला समतोलाचे व्याख्यान द्यायचे, हे काही खरे नव्हे. ती तागडी सरकारनेच सरळ केली पाहिजे. आणि गावाने आपल्या परीने दोन कामे करावीत : उकिरडा विहिरीपासून दूर, खड्ड्यात, झाकून ठेवावा, आणि पिण्याच्या विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, नायट्रेटसाठी तपासून त्याचा आकडा चावडीवर लिहावा. या दोन कामांना फार पैसा लागत नाही.

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ अशी म्हण आपल्याकडे आहे. आपल्या उकिरड्याची दैना शंभर वर्षे झाली तरी फिटलेली नाही. आधी तो चुलीत जळला आणि मग पोत्यापुढे फिका पडला. जुन्या शेतकऱ्याचा हिशेब तोट्याचा होता, पण तो हिशेब त्याला तोंडपाठ होता : कोणत्या वावरात किती गाड्या पडल्या, कोणत्या साली मेंढ्या बसल्या, कुठे हरभऱ्याचा बेवड आहे. आपल्याजवळ नत्र भरपूर आले आणि हिशेब गेला. विहिरीवर चावडीचा आकडा लिहिलेला असेल, तर घागर भरणाऱ्या बाईला तो वाचता येईल, आणि आपल्या वावरात या वर्षी किती पोती पडली हेही ती घरी जाऊन विचारील.